दोन ठिपक्यांमधला काळोख

ढग काही हटायचे नाहीत आज. दर पाच मिनिटांनी बाहेर जाऊन माना वर करून येताय, त्यानं आभाळाला लाज वाटत नसते. घुमट मिटलाय आणि किल्ली माझ्या खिशात आहे. बसा आता खाली सगळे. आणि तो वरचा दिवा मालवा, डोळ्यांवर येतोय.

तिकडे कोपऱ्यात काय चालू ठेवलंय? कालच्या फाइलींची चित्रं निघतायत? म्हणजे स्क्रिप्ट लावून दिली आणि तुम्ही इकडे बिस्किटं खायला मोकळे. ‘मामा, आपोआप होतं ते, बघावं लागत नाही.’ हो, माहीत आहे मला. या टेकडीवर घुमट उघडण्यात आणि मिटण्यात माझा जन्म गेला. दुर्बिणीतून धड एकदाही पाहिलं नाही, पण तुमच्यासारख्यांच्या पाठीमागे उभं राहून पुष्कळ पाहिलंय. ‘बघावं लागत नाही’ असं कुणी म्हणालं की मला माझा साडू आठवतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तुमच्या पिढीला नातीसुद्धा फोड करून सांगावी लागतात.

“मामा, गोष्ट आहे का? भुताची?”

भूत म्हणायचं की आणखी काही, ते तुम्ही ठरवा, तुम्ही शिकलेले. मी घडलं ते सांगणार. बरंचसं साडूनं मला सांगितलं तसं, आणि शेवटचा भाग मी स्वतः या डोळ्यांनी पाहिलेला. फक्त मध्ये बोलायचं नाही. मध्ये बोललेलं मला खपत नाही. मी रागावतो, आणि रागावलो की झोपायला जातो.

तर साडू खाली शहरात, आपल्या कचेरीत होता. इथे रात्री दुर्बीण आकाश टिपते आणि फाइली खाली जातात. त्या फाइली म्हणजे नुसते आकडे. त्याचं चित्र करायचं तर संगणकाला सांगावं लागतं, की बाबा, इतक्या आकड्याच्या खालचं सगळं काळं धर आणि इतक्याच्या वरचं सगळं पांढरं. खालची मर्यादा आणि वरची मर्यादा. साडूची एक स्क्रिप्ट होती, स्वतः लिहिलेली. फाइल उघड. खालची मर्यादा एवढी, वरची एवढी. अमुक जागी सरक. मोठं कर. स्क्रीनवर दिसतंय त्याचं चित्र करून ठेव. फाइल मिट. पुढची उघड. वर्षानुवर्षं तीच स्क्रिप्ट आणि तेच आकडे, कारण चित्रं देखणी यायची. काळंकुळकुळीत आकाश, त्यावर ठसठशीत तारे. पाहुणे खूश, साहेब खूश, साडूला दरवर्षी शाबासकी.

पथ्य एकच होतं. ती स्क्रिप्ट स्क्रीनवर जे असेल त्याचं चित्र करायची, मग ते आकाश असो नाहीतर आणखी काही. एकदा ती चालू असताना साडूनं माझ्या मेहुणीचा निरोप उघडला. झालं! प्रदर्शनात भिंतभर आकाशगंगा लागली आणि तिच्या उजव्या कोपऱ्यात स्वच्छ अक्षरांत, ‘येताना दूध आणा, कालचं नासलं.’ उद्घाटनाला आलेले पाहुणे अगदी वाकून वाकून वाचत होते. साडूला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेव्हापासून स्क्रिप्ट लावली की तो दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचा, शाळेच्या फोटोत पहिल्या रांगेतल्या मुलांना बसवतात तसा.

हसा, हसून घ्या.

आणखी एक गोष्ट, तुम्हाला ठाऊक असलेली, पण ही नवी पोरगी आलीय तिच्यासाठी सांगतो. मूळ फाइलीत आकडे असतात, त्यामुळे खालची मर्यादा आणखी खाली ओढली की अंधारातलं पुसटसुद्धा वर येतं. पण एकदा चित्र करून ठेवलं की संपलं. त्यातलं काळं म्हणजे निव्वळ शून्य. मग त्यावर डोकं आपटा नाहीतर दिवा लावा, जे कापलं गेलं ते गेलं. बरोबर ना? हां. तू मान हलवलीस म्हणजे बरोबर असणार.

आता ती.

तिला सगळे घार म्हणायचे. नजर घारीची होती. दुसऱ्याला जिथे काही दिसायचं नाही तिथे तिला दिसायचं, आणि दिसलं की ती गप्प बसायची नाही. इथे या खोलीत, ही समोरची खिडकी आहे ना, तिथे बसून रात्रभर काम करायची. मला म्हणायची, “मामा, झोपा तुम्ही, घुमट मी मिटते.” मी काही झोपायचो नाही, पण विचारायची. एवढंसुद्धा कोण विचारतं हो?

तर घारीला दोन दीर्घिकांच्या मधे काहीतरी सापडलं. एक धागा. अगदी पुसट, एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत गेलेला. ती हिवाळाभर त्याच जागेमागे लागली होती. शेवटी बैठक लागली, मोठमोठी मंडळी जमली. मोठ्या मंडळींना फाइली उघडायला वेळ नसतो, त्यांना भिंतीवर चित्र लागतं. चित्रं साडूनं काढलेली. दोन ठसठशीत ठिपके आणि मधे गडद काळोख. ती म्हणाली, माझ्या संगणकावर या, मर्यादा खाली आणून बघा. त्यावर एक साहेब हसले. “ताई, ताणून ताणून पाहिलं तर कशातही काहीही दिसतं. थकलाय तुम्ही.”

मग ती साडूकडे वळली. “दादा, तुम्ही तरी सांगा. खालची मर्यादा किती ठेवलीय?”

साडू म्हणाला, “नेहमीचीच.”

खोटं नव्हतं ते. पण त्या एका शब्दावर सगळे उठले आणि चहाला गेले. कुणीतरी बाहेर असंही म्हणालं की नाव मिळवायला लोक काहीही बनवतात. ते तिच्या कानावर गेलं. तिनं नोकरी सोडली. 

साडूच्या मनातून ते जाईना. एका रिकाम्या दुपारी त्यानं मूळ फाइल उघडली, दाराला कडी लावली आणि मर्यादा खाली ओढली. आधी नुसता दाणेदार करडा गोंधळ. मग... धागा. दुसऱ्या रात्रीची फाइल उघडली. तीच जागा, तोच धागा. तिसरी, चौथी. अरे, गोंधळात एखादा धागा दिसू शकतो, पण रोज रात्री त्याच जागी दिसत नाही. घार खरी होती. साडूच्या नेहमीच्या आकड्यानं तिचा धागा काळा करून टाकला होता.

आज सांगतो, उद्या सांगतो. सांगायचं म्हणजे इतक्या वर्षांच्या सगळ्याच चित्रांवर बोट ठेवायचं, शाबासक्यांसकट. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तो गप्प बसला. आणि पुढची थंडी सुरू होताच घार गेली. साधा ताप, तो छातीत उतरला, आठवडासुद्धा लागला नाही. तुमच्याहून फार मोठी नव्हती.

आता ती रात्र सांगतो. डिसेंबरची दहा तारीख, गुरुवार. अमावास्या. गोष्टीत रंग भरायला म्हणत नाही; आपल्या कामात अमावास्या म्हणजे सुगी, त्यामुळे मला तारखा पाठ असतात. त्या दिवशी दुपारी घारीचे वडील कचेरीत आले. पोस्टातून निवृत्त झालेला शांत माणूस, अंगात इस्त्रीचा सदरा. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की जुनी यंत्रं मोडीत निघतायत आणि शुक्रवारी सकाळी त्यांतल्या डिस्का पुसणार आहेत. चित्रं तेवढी राहतील, मूळ फाइली जातील.

ते साडूला म्हणाले, “तिनं त्या जागेची जेवढी काढलीत, तेवढी सगळी चित्रं मला द्याल? मला कळत नाही त्यातलं. नुसती जवळ ठेवीन.”

“देतो ना काका. बरीचशी अजून निघायचीयत, रात्रीतून काढून ठेवतो.”

म्हातारा उठला, दारापर्यंत गेला, परत आला. “तुम्ही तिथलेच आहात म्हणून विचारतो. मला खरं सांगा हं, वाईट वाटून घेणार नाही. माझी पोरगी खोटं बोलत होती का?”

साडूनं काय उत्तर दिलं असेल? टेबलावरचे कागद सारखे करत बसला. म्हातारा तसाच गेला.

रात्री जेवण उरकून साडू कचेरीत आला. फाटकावरच्या पहारेकऱ्याशी चार शब्द बोलला. चित्रांची खोली तळमजल्यावर मागच्या बाजूला. खिडकी नाही. टेबल, खुर्ची, मागे लोखंडी कपाट, कपाटाशेजारी दार. त्यानं दार लावून घेतलं, टेबलाजवळचा छोटा दिवा लावला.

आता बघा. स्क्रिप्टमधला एक आकडा बदलायचा, खालची मर्यादा. एवढंच काम होतं. घारीचा धागा सगळ्या चित्रांत आला असता आणि म्हाताऱ्याला उत्तर मिळालं असतं. सकाळी डिस्का पुसल्या की मग कुणाच्या बापाला ते जमणार नव्हतं. साडू मला म्हणाला, “दादा, माझं बोट त्या आकड्यावर होतं. पण मग वाटलं, ही चित्रं उद्या कुणीतरी पाहील. विचारेल, की तेव्हा का नव्हतं दिसलं?”

त्यानं आकडा बदलला नाही. स्क्रिप्ट आहे तशी सुरू केली.

का रे, माझ्याकडे काय बघतोस असा? मी नव्हतो तो. आणि तुम्ही काय केलं असतंत, ते आधी स्वतःला विचारा.

यंत्र जुनं, फाइली अगडबंब. एकेक फाइल उघडायला काही मिनिटं घ्यायची. तोवर स्क्रीन पूर्ण काळी. काळ्या काचेत खोली दिसायची, तुम्हाला रात्री बसच्या खिडकीत आपलंच तोंड दिसतं ना, तशी. साडूचं तोंड, दिव्याचा उजेड, मागे कपाट, दार. मग चित्र यायचं, दोन ठिपके आणि मधे काळोख. चित्र करून ठेवलं. फाइल मिटली. पुन्हा काळी काच आणि तिच्यात खोली.

साडू हात मांडीवर ठेवून बसला होता.

असं बराच वेळ चाललं. त्याला पेंग यायला लागली. पुन्हा एक फाइल मिटली, काच काळी झाली. साडूचं तोंड, दिवा, कपाट. दार उघडं.

त्यानं वळून पाहिलं. दार लावलेलं होतं.

झोप उडाली. पण मनाची समजूत काढायला माणसाला काय लागतं? काचेचा कोन असेल, दिव्याची सावली असेल. चित्र आलं. ठिपके, काळोख. गेलं. काच काळी झाली, आणि या वेळी त्यानं नीट पाहिलं. दार उघडंच होतं, आणि कपाटापाशी कुणीतरी उभं होतं.

वळला. कपाट. नुसतं कपाट.

“कोण आहे?” म्हणाला. पहारेकऱ्याला हाक मारली. पहारेकरी लांब, फाटकावर. कोण ऐकतंय?

पुढची फाइल उघडली. आणि चित्र काळं आलं नाही. करडं आलं. दाणेदार. साडूला वाटलं स्क्रीन बिघडली. मग त्या करड्यातून हळूहळू, एका ठिपक्यापासून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत...

धागा.

त्यानं मर्यादेच्या चौकटीत पाहिलं. आकडा बदललेला होता. त्यानं बदलला नव्हता. हात मांडीवर होते.

आता शहाणा माणूस काय करेल? म्हणेल, झालं ते बरं झालं, चालू दे. पण भीती शहाणपणाच्या आधी धावते. आणि साडूला भुतापेक्षा त्या आकड्याचीच भीती जास्त वाटली, हे त्यानं मला स्वतः कबूल केलं. त्यानं स्क्रिप्ट थांबवली. जुना आकडा परत घातला. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

काच काळी झाली.

ती कपाटापाशी नव्हती. त्याच्या खुर्चीच्या मागे होती. अगदी मागे. तोंड दिसत नव्हतं, दिव्याचा उजेड तिथवर पोचत नव्हता. पण खांदे दिसत होते. किंचित पुढे वाकलेले. ती इथे बसायची तशी... त्या खिडकीशी.

या वेळी तो वळला नाही. वळता आलं नाही.

हात मांडीवर.

आणि कीबोर्डचा आवाज आला. टक. टक. टक.

त्याचे हात मांडीवर.

आकडा बदलला. समोर. त्याच्या डोळ्यांदेखत.

करडं. धागा. चित्र करून ठेवलं. पुढची. काळी काच. साडूनं डोळे मिटून घेतले. उजेड आला की उघडायचे, काळं झालं की मिटायचे. मध्येच एकदा त्यानं तोंड उघडलं.

“ताई...”

काही नाही.

“ताई, मी... मला कळलं होतं. नंतर कळलं. मी सांगणार...”

आवाज थांबला. कीबोर्डचा.

थांबलेलाच राहिला... किती वेळ, त्याला माहीत नाही. डोळे मिटलेले. मानेच्या मागे गारवा, की भास, तेही कळेना.

मग पुन्हा... टक.

त्यानंतर तो बोलला नाही. रात्रभर फाइली उघडत राहिल्या, मिटत राहिल्या.

सकाळी पहारेकऱ्यानं दार ठोठावलं तेव्हा साडू खुर्चीत होता. पाय आखडलेले, तोंड पांढरं. स्क्रिप्ट संपली होती. पाठोपाठ डिस्का पुसणारी माणसं हत्यारं घेऊन आली. त्यांना यातलं काय! त्यांनी त्यांचं काम केलं आणि दुपारच्या आत सगळं साफ झालं. साडूनं त्याआधी दोन गोष्टी पाहून घेतल्या. सगळ्या चित्रांत धागा होता. आणि स्क्रिप्ट उघडली तर तिच्यात आकडा जुनाच होता.

“म्हणजे मामा, त्यानेच झोपेत...”

मध्ये बोलायचं नाही म्हटलं होतं. झोपेत! त्याच्या बायकोनंही तेच म्हटलं, डॉक्टरांनीही तेच. म्हणा तुम्हीही. पण ऐका पुढचं.

रविवारी साडू माझ्याकडे आला. दोन दिवसांत अर्धा झाला होता. हे सगळं त्यानं मला सांगितलं आणि म्हणाला, “दादा, माझ्याबरोबर चला. मला एकट्याला जायचा धीर नाही.” मी म्हटलं, “धीर नाही तो नाही, लाज आहे ना? मग चल.” आम्ही दोघं घारीच्या वडिलांकडे गेलो.

दोन खोल्यांचं घर, तिसरा मजला. म्हातारा एकटाच. त्यानं आम्हाला पाणी दिलं, बसवलं. साडूनं लॅपटॉप उघडला आणि एकामागून एक चित्रं दाखवली. इथे हा ठिपका, इथे हा, आणि मधे हा धागा काका. ही एका रात्रीची. ही दुसऱ्या. ही तिसऱ्या. बघा, दर वेळी तिथेच आहे. म्हातारा चष्मा पुसून पुसून बघत होता.

मग साडूनं सांगितलं. सगळं. नेहमीच्या आकड्याचं, बैठकीचं, दुपारी कडी लावून पाहिल्याचं. अमावास्येच्या रात्रीचं तेवढं गाळलं. “ती खोटं बोलत नव्हती काका. मी गप्प बसलो.” आणि रडायला लागला, चांगला हुंदके देऊन. मला तर कुठे बघावं कळेना. मीही काही फार कोरडा नव्हतो.

म्हातारा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. म्हणाला, “तिच्या हयातीत सांगायला हवं होतंत.” बस. एवढंच. आणि बोटानं पुढचं चित्र दाखव अशी खूण केली.

शेवटपर्यंत आलो. धाग्याची सगळी चित्रं संपली. त्यानंतर आणखी एक होतं. पूर्ण काळं. ठिपके नाहीत, काही नाही. साडू गोंधळला. फाइली जेवढ्या होत्या तेवढी चित्रं झाली होती, हे एक जास्तीचं. त्या सकाळी त्यानं पाहिलं तेव्हा हे त्यात नव्हतं.

“हे काय?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“काही नाही काका. फाइल मिटताना काढलं गेलं असेल. रिकामं आहे.”

म्हातारा त्याच्याकडे वळला. “तेव्हाही सगळे हेच म्हणाले होते ना?”

साडूचा चेहरा उतरला. काळ्या चित्रात शून्य असतं, त्यातून काही निघत नाही, हे त्याला तुमच्याइतकंच माहीत होतं. पण कुठल्या तोंडानं सांगणार? त्यानं ते चित्र उघडलं आणि म्हाताऱ्याचं मन राखायला खालची मर्यादा खाली ओढली.

काळं.

आणखी खाली.

काळंच.

आणखी... आणि कडेनं दाणे दिसायला लागले. करडे, बारीक. साडूचा हात थांबला. म्हातारा म्हणाला, “थांबू नका.”

खोली होती ती. खिडकी नसलेली खोली. लोखंडी कपाट, उघडं दार. काळ्या काचेत दिसते तशी खोली. आणि मधोमध खुर्चीत, स्क्रीनच्या उजेडात, घार बसली होती. मान किंचित खाली. हात कीबोर्डवर. मी तिला ओळखणार नाही का? या इथे इतक्या रात्री पाहिलंय तिला.

म्हाताऱ्यानं तळहात स्क्रीनच्या अगदी जवळ नेला, टेकवला नाही.

“कामात आहे,” म्हणाला. हळू, कुणाची झोप मोडू नये तसं. “असू दे. हाक नका मारू.”

मग त्यानं विचारलं, “आणि हा मागे कोण उभा आहे?”

तिच्या खुर्चीच्या मागे, अंधारात, एक पुरुष होता. हात दोन्ही बाजूंना लोंबत असलेले. डोळे गच्च मिटलेले. मी ओळखलं. त्याच्या अंगात माझ्या बायकोनं साडूला विणून दिलेला स्वेटर होता. तसा जगात दुसरा नाही, कारण विणता विणता तिचा हिशोब चुकला आणि एक बाही चांगली वीतभर लांब झाली. चित्रात ती बाही बोटांच्याही खाली आली होती.

ते चित्र म्हाताऱ्याकडे आहे अजून. कुणाला बघायचं असेल तर मी पत्ता देईन. आणि साडू आजही शपथेवर सांगतो, त्या रात्री तो खुर्चीवरून एकदाही उठला नव्हता.